कॅसेटच्या शेवटची पंधरा मिनिटं

पिक्चर संपून नावं वर सरकायला लागली की बहुतेक लोक कॅसेट थांबवून रिवाइंडला लावायचे. मी थांबायचे. कॅसेट फुल मून या अमेरिकन सिनेमा कंपनीची असेल तर नावं संपल्यावर ‘व्हिडिओझोन’ सुरू व्हायचं. कंपनीचा मालक चार्ल्स बँड स्वतः समोर येऊन दोन शब्द बोलायचा आणि मग आत्ताच पाहिलेला पिक्चर कसा तयार झाला ते दाखवायचे. कुणी बाहुलीच्या डोळ्यांत रंग भरतंय, कुणी टेबलाखाली आडवं पडून तार ओढतंय, कुणी रबराचा हात साच्यातून अलगद सोडवतंय. दहा-पंधरा मिनिटांचा मामला. पण माझ्या आयुष्यात सिनेमा नावाची गोष्ट शिरली ती या पंधरा मिनिटांतून, म्हणून या कंपनीबद्दल एकदा नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

साल १९९१. मी सतरा वर्षांची. मामाने स्पॉन्सर केल्यामुळे आम्ही न्यू जर्सीला आलो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आई एका ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करायची, कोटांची अस्तरं बदलायची. मी शाळा सुटली की व्हिडिओच्या दुकानात. परत आलेल्या कॅसेट रिवाइंड करायच्या, खोक्यात घालायच्या, शेल्फवर लावायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी काउंटर सांभाळायचा.

फुल मून कशावर उभी राहिली हे त्या शुक्रवार संध्याकाळींनी मला शिकवलं. नव्या मोठ्या पिक्चरच्या आमच्याकडे सहा कॅसेट असायच्या आणि सहाच्या सहा सात वाजेपर्यंत गेलेल्या असायच्या. आठ वाजता आलेला माणूस रिकामा हात घेऊन परत जायला तयार नसायचा. त्याची बायको गाडीत बसलेली, पिझ्झा थंड होतोय, काहीतरी घ्यायचंच आहे. मग तो शेल्फसमोर उभा राहायचा आणि खोक्यांवरची चित्रं बघत सरकायचा. नट-नट्या कुणी ओळखीचे नाहीत, दिग्दर्शकाचं नाव कधी ऐकलेलं नाही. चित्र मात्र असं की हात आपोआप पुढे जावा. एका पेटीतून बाहुल्या बाहेर डोकावताहेत, एकीच्या हाताला सुरी, दुसरीच्या डोक्याला ड्रिल. नेला.

आता यातला हिशोब बघा. त्या काळात एक नवी कॅसेट दुकानदाराला साठ-सत्तर डॉलरला पडायची. ती दोन-तीन डॉलर भाड्याने देऊन वसूल करायची, म्हणजे पंचवीस-तीस वेळा बाहेर जायला हवी. अमेरिकन कायद्याप्रमाणे एकदा कॅसेट विकत घेतली की ती कितीही वेळा भाड्याने द्या, निर्मात्याला पुन्हा काही द्यावं लागत नाही. त्यामुळे निर्मात्याला पैसे मिळायचे ते फक्त दुकानदार कॅसेट घेतो त्या एका क्षणी. म्हणजे आधी पटवायचं कुणाला? दुकानाच्या मालकाला, आमच्या अंकलना. ते काउंटरमागे बसून कॅटलॉग चाळायचे, पिक्चर कधीच बघायचे नाहीत, फक्त चित्र आणि नाव बघून पेन्सिलीने खूण करायचे. देशभर असे हजारो अंकल. त्यांच्या पेन्सिलीसमोर टिकेल असं चित्र आणि असं नाव ज्याला सुचेल, त्याला मोठ्या स्टुडिओचं पाठबळ नसलं तरी धंदा करता येत होता. चार्ल्स बँडला हे इतरांच्या कितीतरी आधी कळलं होतं.

बँड घराणंच सिनेमातलं. आजोबा मॅक्स बँड चित्रकार, मूळचे लिथुआनियाचे. वडील अल्बर्ट बँड यांनी दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनच्या हाताखाली उमेदवारी केली आणि पुढे इटलीत जाऊन पिक्चर काढले, त्यामुळे चार्ल्स आणि त्याचा धाकटा भाऊ रिचर्ड यांचं बरंचसं बालपण रोममध्ये गेलं. रिचर्ड संगीतकार झाला. चार्ल्सचा जन्म १९५१चा, लॉस एंजेलिसचा. सत्तरीच्या दशकात तो कमी खर्चाचे पिक्चर काढत होता. १९७७-७८ मध्ये घरगुती व्हिडिओ ही गोष्ट अमेरिकेत नुकती रांगत होती आणि मोठे स्टुडिओ तिच्याकडे संशयाने बघत होते. युनिव्हर्सल आणि डिस्नीने तर घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रावरून सोनीवर खटला भरला होता. तो सुप्रीम कोर्टात १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने लागला. ही भांडणं चालू असताना बँड कॅसेट विकायला लागलाही होता. १९७८ मध्ये त्याने स्थापन केलेली कंपनी पुढे मीडिया होम एंटरटेनमेंट म्हणून ओळखली गेली. तिथून बाहेर पडल्यावर त्याने विझार्ड व्हिडिओ काढली. विझार्डची खोकी इतरांपेक्षा मोठी होती, जाड पुठ्ठ्याची, आणि त्यांवर रंगवलेलं भडक चित्र. आत कॅसेट तेवढीच, खोकं मात्र दुप्पट. शेल्फवर शेजारच्या चार खोक्यांना झाकून टाकणारं. संग्राहक लोक आजही ती खोकी शोधत फिरतात.

१९८३ मध्ये एम्पायर पिक्चर्स आली. इथे पोस्टर आधी आणि गोष्ट नंतर, असा उलटा कारभार होता. नुसतं नाव आणि एक रंगवलेलं चित्र घेऊन फ्रान्समधल्या कान महोत्सवातल्या सिनेमाच्या बाजारात जायचं, देशोदेशीच्या वितरकांना ते दाखवायचं, हक्क आगाऊ विकायचे आणि त्या पैशांतून पिक्चर काढायचा. ‘घूलीज’च्या पोस्टरवर संडासाच्या भांड्यातून वर डोकं काढणारा हिरवा राक्षस होता. पोस्टर इतकं चाललं की तसा प्रसंग पिक्चरमध्ये असायलाच हवा म्हणून तो नंतर घातला. या पद्धतीला लोक नावं ठेवतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. चित्राने जे कबूल केलं ते पिक्चरमध्ये दाखवायला हवं, एवढी जाण त्यात होती. पुढे पुढे ती राखली गेली नाही, हे खरं.

याच एम्पायरने १९८५ मध्ये ‘री-अ‍ॅनिमेटर’ हा भयपट वितरित केला. शिकागोच्या ऑरगॅनिक थिएटरमधून आलेला स्टुअर्ट गॉर्डन हा रंगभूमीवरचा माणूस, त्याचा हा पहिला चित्रपट. खर्च दहा लाख डॉलरच्या आत. सेन्सॉरचं रेटिंग न घेता तो प्रदर्शित केला आणि समीक्षकांनीसुद्धा त्याला उचलून धरलं. कमी पैशांत वेडं काम करायला बँडकडे मुभा मिळते हे कळल्यावर गॉर्डन तिथेच रमला. दरम्यान बँडने रोमजवळचा दिनोचित्ता हा प्रचंड स्टुडिओ घेतला. इटालियन निर्माता दिनो दे लॉरेंतिसने बांधलेला. बालपणीच्या गावात परत जाऊन तिथला एवढा मोठा स्टुडिओ विकत घेणं, यात व्यवहार किती आणि ओढ किती हे मला सांगता येणार नाही. शिवाय उंब्रियात जोवे नावाच्या गावचा किल्लाही त्याने घेतला. तो किल्ला पुढे त्याच्या कितीतरी पिक्चरमध्ये दिसतो. एकदा ओळख झाली की तोच जिना, तीच कमान पुन्हा पुन्हा भेटते आणि आपल्याला बरं वाटतं, जुन्या शेजाऱ्यासारखं.

रोममध्ये गॉर्डनने आधी ‘डॉल्स’ चित्रित केला आणि त्याच सेटवर मग ‘फ्रॉम बियाँड’. पण लोकांसमोर ‘फ्रॉम बियाँड’ १९८६ मध्ये आला आणि ‘डॉल्स’ १९८७ मध्ये. कारण ‘डॉल्स’मधल्या बाहुल्या हलवायच्या होत्या, एकेक चौकट करत. त्याला वेळ लागतो. ते काम करत होता डेव्हिड अ‍ॅलन.

त्याच्याबद्दल सांगायचंच आहे, पण आधी एम्पायरचा शेवट. कर्ज वाढत गेलं, आगाऊ विक्री मंदावली, आणि त्यात ‘रोबॉट जॉक्स’ हा कंपनीचा सगळ्यात खर्चिक पिक्चर हातात. अ‍ॅलनने ठरवलं की अजस्र यंत्रमानव खरे वाटायचे तर त्यांच्यावर ऊन खरं हवं. म्हणून त्याने लहान प्रतिकृती मोहावी वाळवंटात नेऊन उघड्यावर चित्रित केल्या. वारा सुटायचा, धूळ उडायची, ढग यायचे, काम थांबायचं. इकडे दिवस सरत होते आणि तिकडे कंपनी बुडत होती. १९८८ मध्ये एम्पायर कोसळली, पिक्चरचा सगळा साठा धनकोंच्या हाती गेला. ‘रोबॉट जॉक्स’ थिएटरात पोचला तो १९९० मध्ये, दुसऱ्याच कंपनीकडून. ते ऊन मात्र पडद्यावर आहे. आज बघितलं तरी त्या यंत्रांची सावली जमिनीवर जशी पडते तशी संगणकाने काढलेल्या कितीतरी गोष्टींची पडत नाही.

दिवाळं वाजल्यावर वर्षाच्या आत माणूस पुन्हा उभा राहिला ते फुल मून घेऊन. या वेळी पॅरामाउंटच्या व्हिडिओ विभागाशी करार केला. पिक्चर बँड काढणार, कॅसेट दुकानात पॅरामाउंट पोचवणार. पहिला पिक्चर ‘पपेट मास्टर’. आधी तो थिएटरात आणायचा बेत होता. तो सोडून १९८९च्या ऑक्टोबरमध्ये थेट कॅसेटवर काढला. तेव्हा ‘थेट व्हिडिओवर’ म्हणजे पडलेला, कुणी न घेतलेला पिक्चर असंच समजायचे. बँडने कॅसेट बघणाऱ्यालाच आपला मुख्य प्रेक्षक मानलं. आठ वाजता आलेला, पिझ्झा थंड होत असलेला माणूस हाच पाहुणा, त्याच्यासाठीच पान वाढायचं.

आणि वाढलंही नीट. ‘पपेट मास्टर’चं छायाचित्रण सेर्जो साल्व्हाती या मुरलेल्या इटालियन छायालेखकाचं आहे. बाहुलीच्या नजरेतून धावणारा कॅमेरा, जमिनीपासून वीतभर उंचीवरून, हॉटेलच्या लांबलचक गालिच्यावरून सुसाट. रिचर्ड बँडचं संगीत जत्रेतल्या चक्रीपाळण्यासारखं गोल गोल फिरतं, गोड आणि जरा अंगावर येणारं. मी पिक्चर पहिल्यांदा बघितला तेव्हा इंग्रजी संवाद अर्धेमुर्धेच कळत होते. बाहुल्यांना संवादच नाहीत, त्यामुळे माझं काही अडलं नाही. एका सतरा वर्षांच्या, वर्गात तोंड उघडायला घाबरणाऱ्या मुलीला न बोलता पिक्चर पेलणारी पात्रं किती जवळची वाटली असतील, विचार करा.

त्या बाहुल्या चालतात कशा हा प्रश्न होताच. उत्तर मिळालं ‘पपेट मास्टर’च्या दुसऱ्या भागाच्या कॅसेटमध्ये. व्हिडिओझोन तिथपासून सुरू झालं, आणि तो भाग दिग्दर्शित केला होता डेव्हिड अ‍ॅलननेच. रविवारची दुपार होती. आई शेजारी बसून कुणाच्या तरी ब्लेझरचं अस्तर उसवत होती. भुताखेतांचे पिक्चर तिला मुळीच आवडत नाहीत, त्यामुळे तासभर तिने मान वर केली नव्हती. व्हिडिओझोन लागलं आणि कार्यशाळेतलं टेबल दिसलं. टेबलावर ब्लेड नावाची बाहुली आडवी पडलेली. पांढरा चेहरा, काळी हॅट, काळा लांब कोट. कॅमेरा जवळ गेला.

आईने कात्री खाली ठेवली. “थांबव गं जरा.”

मी पॉझ केलं. जुन्या मशीनवर चित्र थरथरत होतं, खाली पांढरी रेघ. आई गुडघ्यांवर टेकून टीव्हीपाशी गेली आणि बोट काचेला लावलं. “ही बाही बघ. एवढ्याशा बाहीला मशीनचा पाय जातच नाही. हातशिलाई आहे. आणि कॉलर आतून चिकटवून मग शिवलीय, नाहीतर अशी उभी राहिली नसती.” मग जरा वेळाने, “कुणी शिवला असेल?”

आम्ही नावं पुन्हा लावली. त्या झरझर सरकणाऱ्या अक्षरांत शिवणाऱ्याचं नाव कोणतं ते आम्हाला ओळखता आलं नाही. पण त्या दिवसापासून आई व्हिडिओझोनला यायची. पिक्चर चालू असताना स्वयंपाकघरात, आणि नावं लागली की मी हाक मारायची, “आई, संपलं, ये.”

हळूहळू आमच्या दोघींच्या लक्षात आलं की पडद्यावर एक दिसणारी बाहुली मुळात चार-पाच असतात. कुणाच्या पाठीत हात घालायचा, कुणाला खालून दांडा, कुणाच्या तोंडातून तारा निघून चार हात लांब बसलेल्या माणसाच्या बोटांपर्यंत गेलेल्या. पिनहेड नावाच्या बाहुलीचं डोकं सुपारीएवढं आणि हात मोठे, रांगडे. जवळच्या दृश्यांत ते हात खऱ्या माणसाचे असायचे, बाहुलीचं धड पुढे धरून. आणि पूर्ण शरीर दिसून चालायचं असेल तेव्हा अ‍ॅलनचं काम. आत धातूचा सांगाडा, खुब्यात गोळा बसावा तसे सांधे. केसभर हलवा, एक चौकट टिपा, पुन्हा केसभर हलवा. एका सेकंदाला चोवीस चौकटी. बाहुली दहा पावलं चालली की माणसाचा दिवस गेला.

अ‍ॅलनला ऑस्करचं नामांकन मिळालेलं होतं, ‘यंग शेरलॉक होम्स’मधल्या इफेक्टसाठी, इतरांच्या जोडीने. बँडबरोबर तो १९७८च्या ‘लेझरब्लास्ट’पासून होता. मोठ्या स्टुडिओंत जाता येत असताना हा माणूस इथे का राहिला असेल, याचं माझं उत्तर असं की इथे त्याची बाहुली कोपऱ्यातली शोभा नव्हती, पिक्चरच तिचा होता.

व्हिडिओझोन फुकट पडत नव्हतं, हेही सांगायला हवं. कॅसेट भरताना कारखान्यात लागेल तेवढीच फीत कापून घालतात. म्हणजे पिक्चरनंतरची ती मिनिटं म्हणजे प्रत्येक कॅसेटमागे वाढीव फीत. पुढे डीव्हीडी आल्यावर ‘मेकिंग’ सगळेच द्यायला लागले. १९९१ मध्ये महागड्या लेझरडिस्क घेणारे सोडले तर कॅसेट भाड्याने नेणाऱ्या साध्या माणसाला हे सहसा कुणी देत नव्हतं. त्यात जाहिरातही असायची, पुढच्या पिक्चरची, टी-शर्टची, खेळण्यांची. तरी जाहिरातीच्या निमित्ताने का होईना, रंग लागलेले हात दाखवले गेले.

१९९१ मध्ये आलेला ‘पपेट मास्टर ३’ माझा सगळ्यात लाडका. गोष्ट मागे जाते, नाझींच्या बर्लिनमध्ये. या बाहुल्यांचा कर्ता म्हातारा टूलॉन मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवतो, त्यात एक सहा हातांची काउबॉय बाहुली हिटलरच्या बाहुलीला गोळ्या घालते, आणि प्रेक्षकांत बसलेला नाझी ते टिपून ठेवतो. आधीच्या भागांत खुनशी असलेल्या बाहुल्या इथे नायक होतात. एवढ्या लहान कंपनीने आपल्याच खलनायकांना असं मायेने वळवून घेतलं, हे मला तेव्हाही फार थोर वाटलं आणि आजही वाटतं.

याच भागाची कॅसेट आमच्या दुकानातल्या मशीनने खाल्ली. मी दाबलेल्या बटणाने खाल्ली असं ठरलं आणि तिची किंमत माझ्या पगारातून कापली गेली. तासाला पाच डॉलर पाच सेंट मिळायचे, त्यामुळे काय कापलं गेलं याचा अंदाज करा. मशीन जुनं होतं, आधीच दोनदा फीत चावली होती, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. मी त्या रात्री रडले. कॅसेट मात्र माझी झाली. चुरगळलेली, पण माझी.

दुसऱ्या दिवशी आईच्या शिवणाच्या टेबलावर ती उघडली. मागे पाच स्क्रू. वरचं झाकण सांभाळून उचलायचं, नाहीतर आतली स्प्रिंग उडते. दोन चाकं, त्यांच्यामध्ये अर्धा इंच रुंदीची तपकिरी फीत, आणि तीन-चार वितींचा भाग पंख्यासारखा घड्या पडलेला. तो कापून टाकायचा आणि दोन टोकं जोडायची. साधी चिकटपट्टी चालत नाही, तिचा डिंक पाझरून मशीनच्या हेडला लागतो. त्यासाठीची खास पातळ पट्टी मिळते, ती मागच्या बाजूने लावायची. आईने तिची धारदार कात्री दिली, जी ती कधी कुणाला देत नाही, आणि दोन टोकं पट्टीला पट्टी जुळवून तिनेच धरली. वर म्हणाली, “उभ्या धाग्यावर जुळव.” कॅसेट चालली. नेमका बर्लिनच्या त्या बाहुल्यांच्या खेळात एक हिसका बसतो, चित्र फाटतं, आवाज बुडतो, आणि गोष्ट काही सेकंद पुढे जाते. पुढे मी तो पिक्चर डीव्हीडीवर धड बघितला तेव्हा त्या जागी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

१९९१ मध्येच ‘सबस्पीशीज’ आला, रक्तपिपासू राडूचा. हुकूमशहा चौशेस्कूची राजवट उलथून दीड-दोन वर्षं होत होती तोवर ही मंडळी रुमानियात पोचली होती. खरे भग्न वाडे, खरी जंगलं, स्वस्त मजुरी. त्यातल्या चिमुकल्या राक्षसांसाठी आधी स्थानिक माणसांना रबरी पोशाख घालून तारांनी लटकवलं. ते काही जमेना, तेव्हा पुन्हा अ‍ॅलनला बोलावलं. रुमानियातल्या कास्टेल फिल्म या स्टुडिओने पुढे फुल मूनबरोबर बरंच काम केलं, आणि मोठमोठे हॉलिवुड पिक्चर तिथे गेले ते त्यानंतर.

१९९३ मध्ये बँडने मुलांसाठी मूनबीम नावाची शाखा काढली. तिचा पहिला पिक्चर ‘प्रीहिस्टेरिया’, मांजराएवढ्या डायनासोरांचा, चार्ल्स आणि अल्बर्ट या बापलेकांनी मिळून दिग्दर्शित केलेला. त्याच उन्हाळ्यात स्पीलबर्गचे संगणकातून आलेले डायनासोर थिएटरात पावलं टाकत होते. मुलं आमच्या दुकानात ‘प्रीहिस्टेरिया’ पुन्हा पुन्हा न्यायची, पण हाताने बाहुली हलवणाऱ्यांचा काळ फिरला होता.

१९९५च्या सुमारास पॅरामाउंटची साथ सुटली. मोठ्या भाडेसाखळ्यांनी स्टुडिओंशी भाड्यातल्या वाट्याचे करार केले, एकाच नव्या पिक्चरच्या सहाऐवजी साठ कॅसेट भिंतभर लागायला लागल्या. आठ वाजता आलेल्या माणसालाही आता हवं तेच मिळत होतं. शेल्फसमोर रेंगाळायचं त्याला कारण उरलं नाही. आमचं दुकान १९९८ मध्ये बंद झालं. फुल मून बंद झाली नाही, पण बजेट आटत आटत गेलं. १९९८च्या ‘पपेट मास्टर’मध्ये बाहुल्यांची जुनीच दृश्यं पुन्हा वापरली आणि २००३चा भाग तर बहुतांशी आधीच्या भागांचे तुकडे जोडून केलेला आहे. तो बघताना मला खरोखर वाईट वाटलं. खोक्यावरचं चित्र जे कबूल करतं ते आत नसेल तर प्रेक्षक एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही, हे अंकलच्या काउंटरवर बसणाऱ्या मला कळत होतं, मग ज्याने हा धंदा घडवला त्याने ते का विसरावं? अर्थात पगार द्यायचे, दिवे चालू ठेवायचे, ते मला करावं लागलं नाही.

आता राहिलेली गोष्ट. डेव्हिड अ‍ॅलनच्या डोक्यात साठीच्या दशकाच्या अखेरीपासून एक पिक्चर होता. हिमालयात यती सापडतो आणि त्याचा माग काढत गेलेल्यांना एक हरवलेलं जग लागतं. वर्षानुवर्षं पैसे उभे राहिनात. शेवटी फुल मूनने १९९४ मध्ये रुमानियात नटांसह चित्रण केलं. पिक्चरचं नाव ‘द प्राइमिव्हल्स’. बाहुल्यांचं काम अ‍ॅलन मागाहून सावकाश करणार होता. मग कंपनीचे पैसे आटले, काम थांबलं, आणि १९९९च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलन कॅन्सरने गेला. पंचावन्नाव्या वर्षाच्या आतबाहेर. बाहुल्या, रिळं, आराखडे त्याने आपला सहकारी क्रिस एंडिकॉट याच्याकडे सोपवले होते.

एंडिकॉटने ते वीसेक वर्षं जपलं. मग लोकांकडून वर्गणी जमली, फुल मूननेही हात दिला, अ‍ॅलनबरोबर काम केलेले जुने लोक परत आले आणि अर्धवट राहिलेली दृश्यं बाहुल्या हलवूनच पुरी केली. २०२३च्या उन्हाळ्यात माँट्रियलच्या फँटेशिया महोत्सवात ‘द प्राइमिव्हल्स’ पडद्यावर आला. दिग्दर्शक म्हणून नाव डेव्हिड अ‍ॅलनचंच.

मी तो २०२४ मध्ये घरी पाहिला. आई आता माझ्याकडेच असते. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, सुईत दोरा मी ओवून देते. या वेळी ती सुरुवातीपासून बसली, कारण मी आधीच सांगितलं होतं की हा त्या बाहुल्यावाल्याचा आहे. पहिल्याच काही मिनिटांत बर्फात यती येतो. प्रचंड, चिडलेला, अंगभर केस.

“मागे घे जरा,” आई म्हणाली.

मी मागे घेतलं. यती पुन्हा आला. ती पुढे वाकून बघत होती, तेव्हासारखीच, फक्त आता टीव्ही मोठा होता आणि तिला जमिनीवर बसावं लागलं नाही.

“हे खांद्यावरचे केस हलतात ना,” तिने विचारलं, “ते वाऱ्याने हलतात, की त्याने हात लावला म्हणून?”